रावेतकरांनो, गच्चीवर काय चढवताय आणि पार्किंगमध्ये काय तोडताय?



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण रावेत, किवळे, पुनावळे, वाल्हेकरवाडी, थेरगाव या पट्ट्यात ज्यांचा फ्लॅट आहे, ज्यांनी गुंठा-दोन गुंठ्यांवर घर बांधलंय किंवा जे सोसायटीच्या कमिटीवर आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. चहा घेऊन बसा हवं तर.

आपलं रावेत बघता बघता शेतातून टॉवरमध्ये गेलं. मुकाई चौकापासून पवनेच्या काठापर्यंत नजर टाकली की क्रेन दिसतात. फ्लॅट बघायला गेलो की आपण काय विचारतो? कार्पेट किती, पार्किंग एक की दोन, पाणी महापालिकेचं की टँकरचं, हायवेला किती मिनिटं, दार पूर्वेला आहे का. सगळं रास्त आहे, कष्टाचा पैसा आहे. पण एक प्रश्न मी सेल्स ऑफिसमध्ये कुणाला विचारताना ऐकलेला नाही. आडवा जोर आला तर ही इमारत कशी उभी राहणार?

आडवा जोर म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्याजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडला वादळात होर्डिंग कोसळलं आणि पाच जणांचा जीव गेला. ते होर्डिंग स्वतःच्या वजनानं नाही पडलं. वजन ते रोजच पेलत होतं. त्याला वाऱ्यानं आडवं ढकललं, तेव्हा पडलं. उभं वजन पेलणं आणि आडवा धक्का पेलणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आपली इमारत पहिली परीक्षा रोज देते. दुसरी कदाचित पन्नास वर्षांत एकदाच येईल, तीही न सांगता.

भूकंप इमारतीला ढकलतो कसा?

वारा बाहेरून ढकलतो, भूकंप तसं करत नाही. पीएमपीएलच्या बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरनं अचानक गाडी पुढं काढली की आपण मागं जातो. कुणी ढकललेलं नसतं. पाय बसबरोबर गेले, अंग जागेवर राहिलं, एवढंच. भूकंपात इमारतीचं तेच होतं. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचे मजले जागेवर राहू बघतात. म्हणजे जोर तयार होतो तो इमारतीच्या स्वतःच्या वजनातून. जितकं वजन जास्त तितका जोर जास्त. आणि ते वजन जितकं उंचावर, तितका त्याचा झोका मोठा.

दहीहंडीचा थर डोळ्यासमोर आणा. समजा खालची जमीनच हलली. सगळ्यात जास्त कोण झुलणार? वरचा गोविंदा. पण गुडघे कुणाचे वाकणार? सगळ्यात खालच्या थराचे. कारण वरच्या सगळ्यांचा झोल शेवटी त्यांच्या खांद्यांवरून जमिनीत उतरायचा असतो. इमारतीच्या भूकंपाचा सगळा हिशेब या एका चित्रात आहे. वर जोर सगळ्यात जास्त तयार होतो आणि खाली सगळ्यात जास्त जमा होतो.

आता थोडे आकडे. घाबरू नका, सातवीचं गणित आहे.

भारतात भूकंपाच्या डिझाइनसाठी आयएस १८९३ नावाचं मानक आहे. पहिल्यांदा १९६२ ला आलं, पुढे वेळोवेळी सुधारलं. २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्या महत्त्वाच्या. त्यातली साधी पद्धत अशी. आधी संपूर्ण इमारतीवर एकूण आडवा जोर किती धरायचा ते काढायचं. मग तो मजल्यांमध्ये वाटायचा. वाटताना प्रत्येक मजल्याचं वजन घ्यायचं आणि त्याला जमिनीपासूनच्या उंचीच्या वर्गानं गुणायचं. त्या प्रमाणात ज्याचा त्याचा वाटा.

समजा दहा स्लॅबची इमारत आहे, सगळे मजले सारख्या वजनाचे, सारख्या उंचीचे. एकूण आडवा जोर धरा १०० टन. एक ते दहाचे वर्ग करून बेरीज घेतली की ३८५ येते. दहाव्या स्लॅबचा वाटा ३८५ पैकी १००, म्हणजे सुमारे २६ टन. पहिल्या स्लॅबचा वाटा ३८५ पैकी १, म्हणजे जेमतेम पाव टन. वरचे तीन स्लॅब मिळून जवळजवळ ६४ टन घेतात. खालचे पाच मिळून फक्त १४ टन.

हे वाचून कुणी म्हणेल, मग खालच्या मजल्यांना काय धोका? इथंच गफलत होते. दहाव्याचे २६ टन नवव्याच्या कॉलममधून आठव्यात येतात, त्यात त्याचे मिळतात, पुढे सातव्यात येतात, असं करत पार्किंगच्या कॉलमपाशी पूर्ण १०० टन पोचतात. वर नवीन जोर मिळतो आणि खाली तो साचत जातो. आणि हा सगळा जोर जणू एकाच जागी लागतोय असं धरलं तर ती जागा येते इमारतीच्या उंचीच्या सुमारे ७९ टक्क्यांवर, म्हणजे आठव्या स्लॅबच्या जरा खाली. आठव्या मजल्यावर दोर बांधून कुणी इमारत बाजूला ओढतंय असं समजा. तो ताण पायथ्याला पेलायचा आहे.

हे उंचीच्या वर्गाचं प्रमाण सगळ्या जगात एकसारखं नाही. अमेरिकेत इमारत बुटकी आणि ताठ असेल तर उंचीच्या सरळ प्रमाणात वाटणी करतात, उंच आणि लवचिक असेल तर वर्गाच्या प्रमाणात, आणि मधल्या इमारतींना मधलं काहीतरी. आपल्या मानकानं साध्या पद्धतीसाठी वर्गच धरलाय. आणि आपल्याकडच्या वीस-तीस मजली टॉवरना ही साधी पद्धत पुरत नाही. त्यांचं डायनॅमिक अॅनालिसिस करावं लागतं, कारण उंच इमारत नुसती एका बाजूला झुलत नाही, मधूनही सापासारखी वळते. पण मूळ गोष्ट तीच राहते. प्रश्न नुसता किती वजन हा नाही, ते वजन किती उंचावर आहे हाही आहे.

हे आपल्या महाराष्ट्रानं शिकलंय, महाग किमतीत

कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत दक्षिणेला साधारण १४० किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथं भूकंप झाला. मोठा, सहाच्या वरचा. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीनं शांत जागा, असा समज होता.

कोयना धरण १०३ मीटर उंच. डिझाइन करताना भूकंपाचा विचार केलेला होता, हे लक्षात घ्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे वजनाच्या ५ टक्के आडवा जोर धरला होता. पण तो धरला होता तळापासून माथ्यापर्यंत एकसारखा, जणू संपूर्ण धरण एकाच मापानं हलणार. प्रत्यक्षात माथा पायथ्यापेक्षा कितीतरी जास्त झुलला. तडे कुठं गेले? पायथ्याला नाही. माथ्यापासून साधारण एक-तृतीयांश खाली, जिथं धरणाचा मागचा उतार अचानक बदलतो आणि वरचा भाग मानेसारखा बारीक होतो, तिथं. धरण टिकलं, पाणी सुटलं नाही, हे आपलं नशीब आणि बांधणाऱ्यांचं श्रेय. नंतर मागच्या बाजूनं काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केलं.

बर्कली विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या तड्यांचा अभ्यास केला. धरण खऱ्या भूकंपात कसं झुलतं आणि वरच्या भागात ताण का वाढतो, ते गणितानं दाखवलं. एकसारखा जोर धरण्याची पद्धत अपुरी आहे, हे जगाला शिकवणाऱ्या उदाहरणांत आपलं कोयना आहे. पुढे आपल्या मानकातही धरणासाठी माथ्याला जास्त आणि पायथ्याकडे कमी होत जाणारा जोर आला. जगभरच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत कोयनेचा तो तडा असतो. आपल्या पोरांना मात्र कोयना म्हटलं की फक्त वीज आठवते.

जपानसारख्या देशानंही हाच धडा इमारतींत घेतला. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत भूकंप झाला, तेव्हा तिथल्या महापालिकेच्या जुन्या आठ मजली इमारतीचा सहावा मजला चिरडला. खालचे पाच उभे, वरचे दोन खाली बसलेले. जपाननं १९८१ ला नियम बदलून वरच्या मजल्यांसाठी जास्त जोर धरायला सुरुवात केली होती, पण ती इमारत १९५७ ची होती. कोबेत मधले मजले गेलेल्या इमारती बऱ्याच होत्या, आणि त्यात जुन्या नियमांच्या इमारतींचा भरणा जास्त.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. सात-आठ हजारांहून कमी नाहीत इतकी माणसं गेली. तिथं टॉवर नव्हते, दगड-मातीची घरं होती. पण माळवद आठवा. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून छपरावर मातीचे थरावर थर, दरवर्षी वर थोडी भर. म्हणजे घराचं सगळ्यात जास्त वजन सगळ्यात वर. खाली जाड पण नीट न बांधलेल्या दगडी भिंती. जमीन हलली, वरचं वजन झुललं, भिंती फुटून बाहेर पडल्या. गणित तेच, उंची फक्त दहा फूट.

आणि आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण अहमदाबादचं. २६ जानेवारी २००१ चा भूकंप कच्छमध्ये झाला. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब. तरीही तिथं डझनावारी अपार्टमेंट कोसळल्या आणि शेकडो माणसं मेली. बहुतेक इमारती चार-पाच मजली किंवा दहाच्या आसपास, आरसीसी, खाली मोकळं पार्किंग. अहमदाबाद कुठल्या भूकंप क्षेत्रात होतं माहितीय? तिसऱ्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवड कुठल्या क्षेत्रात धरून आपल्या इमारती डिझाइन झाल्यात? तिसऱ्याच. क्षेत्र तेच, इमारतीचा साचा तोच. म्हणून "आपल्याकडे कुठं भूकंप होतो" असं म्हणणाऱ्याला मी अहमदाबादचं नाव सांगतो.

मोकळं पार्किंग का जातं?

वरच्या मजल्यांवर खोल्या असतात, खोल्यांना विटांच्या नाहीतर ब्लॉकच्या भिंती. डिझाइनमध्ये त्यांना किंमत धरलेली नसली तरी त्या मजल्याला ताठ ठेवतात. खाली पार्किंगमध्ये भिंतीच नाहीत, नुसते कॉलम. म्हणजे वरचा भाग एखाद्या पेटीसारखा घट्ट आणि खाली बारीक पाय. आडवा जोर पूर्ण १०० टन जिथं पोचतो, तीच जागा सगळ्यात लेचीपेची. सगळं वाकणं तिथंच होतं, आणि वरची पेटी जशीच्या तशी खाली बसते.

अहमदाबादनंतर २००२ च्या मानकानं सांगितलं की अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम-बीम अडीच पट जोर धरून डिझाइन करा. २०१६ च्या आवृत्तीनं पुढे जाऊन अशा मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके आधार देण्यावर भर दिला. म्हणून नवीन इमारतींच्या पार्किंगमध्ये मधेच एखादी लांब, जाड आरसीसी भिंत दिसते. "गाडी वळवायला अडचण होते" म्हणून लोक तिला शिव्या घालतात. मंडळी, त्या भिंतीला नमस्कार करा. शंभर टन ती घेणार आहे.

आणखी एक आकडा ऐका. तिसऱ्या क्षेत्रातल्या चार-पाच मजली इमारतीला मानकाप्रमाणे साधारण वजनाच्या ४ टक्के आडवा जोर धरून डिझाइन करतात. इमारत अजिबात न वाकता, न तडकता उभी ठेवायची तर याच्या पाचपट, म्हणजे २० टक्के धरावा लागला असता. मग ४ वर कसं भागतं? कारण इमारत तडकेल, वाकेल, पण तुटून पडणार नाही, अशी तिची सळई बांधलेली असेल असं गृहीत धरलेलं असतं. कॉलमच्या रिंगा जवळजवळ असतील, त्यांचे हूक ९० अंशात नुसते वळवून न सोडता १३५ अंशात आत घातलेले असतील, कॉलम-बीमच्या जोडात रिंगा सुटलेल्या नसतील. आयएस १३९२० हे त्याचं मानक, आणि आपल्या क्षेत्राला ते लागू आहे. म्हणजे पाचपटीची सूट ही फिटरच्या हातातल्या हुकावर टांगलेली आहे. साइटवर स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी हे कुणी तपासलं नाही, तर कागदावरचं डिझाइन कितीही सुंदर असो, इमारतीनं ती सूट कमावलेलीच नसते.

आता आपल्या दारातलं बोलू

पहिली गोष्ट, वाढीव मजला. आपल्या शहरात अनधिकृत बांधकामाचा विषय नवा नाही. कामगार आले, जमीन परवडेना, गुंठा घेतला, ठेकेदाराला सांगितलं, घर उभं राहिलं. मी या लोकांना दोष देणार नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसानं राहायचं कुठं, याचं उत्तर शहरानं वेळेवर दिलं नाही. पण घर झालं की भाड्यासाठी वर एक मजला चढतो, मग आणखी एक.

आता हिशेब बघा. चार स्लॅबचं घर आहे, वर पाचवा चढवला. वजन किती वाढलं? २५ टक्के. ठेकेदार म्हणतो, "साहेब, कॉलम दणकट आहेत, पंचवीस टक्के आरामात घेतील." पण भूकंपात पायथ्याला उलथवणारा ताण किती वाढतो? मघाच्याच पद्धतीनं हिशेब केला तर ५३ टक्के. कारण नवीन वजन सगळ्यात उंचावर बसलं. वजन सव्वापट, ताण दीडपटीहून जास्त. आणि हे भिंती पूर्वीच्याच, कॉलम पूर्वीचेच, पाया पूर्वीचाच असताना.

शास्तीकराचा मुद्दा शहरात वर्षानुवर्षं गाजला, निवडणुका त्यावर झाल्या, शेवटी तो माफ झाला. लोकांना दिलासा मिळाला, चांगलं झालं. पण त्या सगळ्या वर्षांत सभांमधून एक वाक्य मला ऐकू आलं नाही: "या घरांच्या कॉलमची तपासणी आम्ही करून देऊ." कर माफ होतो, दंड माफ होतो. गुरुत्वाकर्षण आणि भूकंप माफी देत नाहीत. घर नियमित करताना कागद नियमित होतो, कॉलम आहे तसाच राहतो.

दुसरी गोष्ट, गच्ची. सोसायटीत पाणी कमी पडतं म्हणून गच्चीवर जादा टाकी चढवायची, हे सर्रास चालतं. दहा हजार लिटरची टाकी म्हणजे दहा टन, टाकीचं वजन वेगळंच. मघाच्या दहा स्लॅबच्या हिशेबात दहाव्यावरचा एक टन पहिल्या स्लॅबवरच्या एका टनाच्या शंभर पट वाटा ओढतो. त्यावर बगीच्याची दोन फूट माती, पत्र्याची शेड, जिम, एखाद्या ठिकाणी मोबाइल टॉवर आणि त्याच्या बॅटऱ्या. मूळ डिझाइनमध्ये धरलेलं असेल तर काहीच हरकत नाही. प्रश्न असा आहे की चढवण्याआधी त्या डिझाइनरला विचारलं का? कमिटीच्या मीटिंगमध्ये तीन कोटेशन मागवतात टाकीचे. चौथा कागद, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, कुणी मागत नाही.

तिसरी गोष्ट, तोडफोड. हॉल मोठा करायला भिंत काढली, तळमजल्याच्या दुकानवाल्यानं शटर रुंद करायला आडवी भिंत पाडली, पार्किंगमधल्या आरसीसी भिंतीत ड्रेनेजच्या पाइपसाठी ब्रेकरनं भोक पाडलं. नुसती विटांची पार्टिशन काढली तर जग बुडत नाही. पण कुठली भिंत नुसती पार्टिशन आणि कुठली जोर घेणारी, हे प्लंबरनं ठरवायचं काम नाही.

"घाबरवू नका" म्हणणाऱ्यांसाठी

हे तीन आक्षेप मला माहीत आहेत, आधीच उत्तर देतो.

एक, "टॉवरमध्ये राहणं म्हणजे जास्त धोका." असं सरसकट म्हणू नका. नीट डिझाइन झालेला, नीट तपासलेला वीस मजली टॉवर हा कुणी इंजिनिअर न बघितलेल्या पाच मजली घरापेक्षा जास्त सुरक्षित असू शकतो. उंच इमारत सावकाश झुलते, त्यामुळे वजनाच्या प्रमाणात तिला बऱ्याचदा कमी टक्के जोर येतो. मला जास्त काळजी वाटते ती मधल्या उंचीच्या, मोकळ्या पार्किंगच्या, वर मजले चढवलेल्या घरांची.

दोन, "इंजिनिअरची सही असते ना." असते. परवानगीच्या आणि भोगवटा दाखल्याच्या फायलीत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र असतं. बहुतेक इंजिनिअर मन लावून काम करतात, हेही खरं. पण प्रमाणपत्र म्हणजे एक पान. त्या पानामागं कुठलं मानक धरलं, कुठलं क्षेत्र, गच्चीवर किती वजन, मोकळ्या मजल्याचं काय केलं, हे राहणाऱ्याला कुठं दिसतं? ज्या कागदावर आपला जीव टांगलाय तो कागद आपल्याच कपाटात नाही.

तीन, "स्ट्रक्चरल ऑडिट होतंच." सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ऑडिट लागू होतं इमारत १५ वर्षांची झाल्यावर, ३० वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी. रावेतमधल्या बऱ्याच सोसायट्या अजून पंधराच्याही झालेल्या नाहीत. आणि ऑडिटमध्ये बऱ्याचदा गळती, गंजलेली सळई, निघालेलं प्लास्टर बघतात. ते हवंच. पण गच्चीवर नंतर काय चढलं आणि पार्किंगमधून काय निघालं याची मूळ ड्रॉइंगशी तुलना व्हायला हवी, ती क्वचितच होते. कारण मूळ ड्रॉइंग सोसायटीकडे नसतंच.

मग करायचं काय?

भूकंप कधी येणार हे कुणी सांगू शकत नाही, सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण इमारत कशी आहे हे नक्की कळू शकतं. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

आपल्या हातातलं आधी. सोसायटीनं बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग लेखी पत्र देऊन मागा. रेरा कायद्याप्रमाणे कागदपत्रं आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेला सोपवणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरचा दोष दाखवून दिला तर तो स्वखर्चानं दुरुस्त करून देणंही कायद्यानं त्याच्यावर आहे. पाच वर्षं संपायच्या आत एकदा स्वतंत्र इंजिनिअरकडून इमारत बघून घ्या. सगळ्या फ्लॅटमध्ये वाटला तर खर्च एका दिवाळीच्या लायटिंगएवढाही येत नाही बऱ्याचदा.

सर्वसाधारण सभेत एक ठराव करा: गच्चीवर कुठलंही कायमचं वजन चढवण्याआधी आणि कुठलीही भिंत, कॉलम, बीम यांना हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र लागेल. पत्र नाही तर काम नाही. चेअरमनचा मेहुणा असला तरी.

नवीन फ्लॅट बघताय? चार प्रश्न विचारा. भूकंप क्षेत्र कुठलं धरलं? मोकळ्या पार्किंगच्या मजल्यासाठी काय केलं? गच्चीवरच्या टाक्या, पूल, बगीचा यांचं वजन डिझाइनमध्ये आहे का? डिझाइन दुसऱ्या स्वतंत्र इंजिनिअरनं तपासलंय का? उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा. चांगला बिल्डर या प्रश्नांना खूश होतो, कारण त्याचा खर्च तिथं झालेला असतो आणि तो कुणी विचारतच नाही.

आता महापालिकेकडे. प्रत्येक मंजूर इमारतीच्या डिझाइनचा एक पानी सारांश वेबसाइटवर टाका. क्षेत्र, मानक, एकूण आडवा जोर, मोकळ्या मजल्याचा उपाय, गच्चीवर धरलेलं वजन, डिझाइनरचं आणि तपासणाऱ्याचं नाव. लिफ्टमध्ये किती माणसं चालतात याची पाटी लावतो ना आपण? तशी गच्चीच्या दाराशी पाटी हवी, इथं एवढंच वजन चालेल म्हणून.

आणि गुंठेवारीतल्या, दाट वस्तीतल्या घरांसाठी वेगळी योजना हवी. नोटिसा आणि बुलडोझर नको. इंजिनिअरिंग कॉलेजची फौज आपल्या आजूबाजूला आहे. आकुर्डी-निगडी-ताथवडे भागात कॉलेजांना तोटा नाही. शेवटच्या वर्षाची पोरं आणि त्यांचे प्राध्यापक घेऊन प्रभागनिहाय झटपट पाहणी करता येते. कुठल्या घराचं पार्किंग मोकळं, कुठं मजले चढलेत, कुठं कॉलम बारीक. घरमालकाला घाबरवायचं नाही, यादी करायची. ज्यांची स्थिती सगळ्यात नाजूक त्यांना पार्किंगमध्ये दोन-चार भिंती घालून, कॉलमला जॅकेटिंग करून मजबूत करायला कमी व्याजाचं कर्ज किंवा मालमत्ता करात सवलत द्या. पाचवा मजला पाडायला लावण्यापेक्षा पहिला मजला ताठ करणं बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडेल आणि लोक ऐकतीलही.

महापालिका निवडणुकीत आपण रस्ता, पाणी, कचरा विचारतो. यापुढे उमेदवार दारात आला की हाही प्रश्न विचारा: आमच्या प्रभागातल्या इमारतींच्या तपासणीचं काय? तो गोंधळेल. पाच जणांनी विचारलं तर वाचून येईल. पन्नास जणांनी विचारलं तर जाहीरनाम्यात टाकेल.

ज्यांच्या सोसायटीनं ड्रॉइंग मागवली असतील किंवा गच्चीच्या वजनाबद्दल ठराव केला असेल, त्यांनी कमेंटमध्ये लिहा, बाकीच्यांना नमुना मिळेल. इंजिनिअर मंडळींनी माझ्या आकड्यांत दुरुस्ती असेल तर बिनधास्त सांगावी. आणि कमिटीवर असाल तर ही पोस्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाका, पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवा: "गच्चीवरचं वजन आणि पार्किंगच्या भिंती." एवढं या महिन्यात झालं तरी पोस्ट लिहिल्याचं सार्थक झालं म्हणेन.